पारावर पोरं परत कशी येतील? खान्देशातल्या गावासाठी नेमकं काय करावं

पांझराकाठ | सोमवार, रात्री ९.१०

तीन-चार हजार वस्तीचं गाव धरा. धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठलंही. १८ ते २६ वयाची दीडशे-दोनशे पोरं-पोरी. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळी आहेत, वाढदिवसाला केकही पडतात. पण अभ्यासिकेत वर्षभर शेजारी बसणाऱ्या दोघांना एकमेकांच्या घरची माणसं माहीत नसतात. कुणी भरतीची तयारी करतंय, कुणी बापासोबत केळीत आहे, कुणी सुरतेहून काम सोडून परत आलंय. रात्री ११ नंतर प्रत्येक जण आपापल्या गोधडीत स्क्रीन घेऊन एकटा.

या पोरांना आठवड्यातून एकदा तरी समोरासमोर बसवायचं आहे आणि त्यातून काहीतरी उपयोगाचं उभं राहायला हवं. व्याख्यान, प्रेरणा शिबिर, सत्कार नको. पैसा जवळपास नाही. मुलींना येता आलं पाहिजे. शेतीची वेळ सांभाळली पाहिजे. ज्यांना हे काम माहीत आहे त्यांनी बारकाव्यानिशी लिहावं, ही विनंती.

तापीतीर | सोमवार, रात्री १०.०२

आधी हिशेब मांडा, म्हणजे घाई होणार नाही. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला लागणारा वेळ मोजला होता. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० आणि जिवाभावाची व्हायला २०० च्या वर.

आठवड्याला दोन तास भेटलात तर ५० तासांना २५ आठवडे लागतात, म्हणजे सहा महिने. आणि बहुतेक गावांत कट्टा सुरू होतो नि चौथ्या आठवड्याला 'कुणी येत नाही' म्हणून बंद पडतो. तेव्हा जेमतेम आठ तास झालेले असतात. आठ तासांत कुणी मोकळं होत नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी २५ आठवडे ठरवून टाका, कितीही कमी पोरं आली तरी.

दुसरी गोष्ट, तेच चेहरे हवेत. दर वेळी नवे ४० येण्यापेक्षा तेच आठ पुन्हा पुन्हा आलेले बरे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरातून आलेली पोरं एकदम घट्ट का होतात? जागेपणीचे रोजचे १४ तास धरले तरी सात दिवसांत ९८ होतात. जे गावात सहा महिन्यांत होत नाही ते तिथे आठवड्यात होतं.

कळणा_भाकर | सोमवार, रात्री १०.४८

तापीतीर, हिशेब पटला. आता जागा आणि वार, कारण निम्मे कट्टे इथेच मोडतात.

वार ठरवताना आठवडे बाजाराचा दिवस आणि त्याची आदली संध्याकाळ टाळा. जिथे शेतीपंपाची वीज अजून दिवसपाळी-रात्रपाळीत येते तिथे पाळीचा तक्ता बघा. रात्रपाळीच्या आठवड्यात पाणी भरणारी पोरं येणारच नाहीत, त्यांना 'गैरहजर' म्हणू नका. कपाशीच्या वेचणीत, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे दोन-अडीच महिने, संध्याकाळी ७ च्या आधी कुणी रिकामं नसतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा एकतर पहाटे ६ नाहीतर सूर्य बुडाल्यावर. वेळ ऋतूप्रमाणे बदला, वार मात्र बदलू नका. वार बदलला की सवय मोडते.

जागेला चार गोष्टी लागतात: सावली, दिवा, प्यायचं पाणी, जवळ संडास. शाळेचा व्हरांडा उत्तम, फक्त मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घ्या आणि किल्ली दोन जणांकडे ठेवा. एकाच्याच खिशात किल्ली असली की तो लग्नाला गेला त्या दिवशी कट्टा बुडतो. मंदिराचा पार सोयीचा वाटतो, पण तिथे म्हाताऱ्यांची बैठक आधीपासून असते. त्यांना उठवून बसू नका.

बोलावणं ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवरचं बोलावणं सगळ्यांना असतं, म्हणून ते कुणालाच नसतं. पहिल्या आठ जणांच्या घरी जा आणि 'तू ये' म्हणण्यापेक्षा 'तुझ्याकडे अमुक काम आहे, तू आण' असं सांगा. एकाला सतरंजी, एकाला चहाची पातेली, एकाला वायरचा बोर्ड. ज्याच्या हाती वस्तू आहे तो येतोच.

सातपुडा_पायथा | मंगळवार, सकाळी ७.१५

हाताला काम हवं. गोल बसून 'मनातलं बोला' म्हटलं की खान्देशातलं पोरगं जमिनीकडे बघतं. विहिरीचा गाळ काढताना तेच पोरगं तासभर बोलतं, कारण डोळ्याला डोळा लावावा लागत नाही.

गावाला लागणारं आणि पोरांनाच येतं असं एक काम सांगतो: ई-पीक पाहणी. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची आहे. खरिपाची नोंद साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात असते. साठीतल्या माणसांचं इथे अडतं. पोरांनी दोघा-दोघांची जोडी करून एक एक आळी वाटून घ्यावी. निघण्याआधी गट क्रमांक, खाते क्रमांक, पेरणीची तारीख, पाण्याचं साधन हे वहीत लिहून घ्या, कारण बांधावर उभं राहून आजोबांना गट क्रमांक आठवत नाही. फोनचं लोकेशन चालू करा आणि पिकाचा फोटो त्याच गटात उभं राहून काढा. घरी बसून भरलेली नोंद अडकते. सातपुड्याच्या कुशीत रेंज नसते, तिथे माहिती अ‍ॅपमध्ये साठवा आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा. हे अपलोड विसरणं ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून वहीत 'भरलं' आणि 'चढवलं' असे दोन वेगळे रकाने ठेवा. नोंद चुकली तर ४८ तासांत दुरुस्त करता येते, तेव्हा त्याच संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्या नोंदी एकदा वाचून घ्या.

एक कडक नियम. ओटीपी आजोबांच्या फोनवर येतो, तो त्यांच्यासमोरच टाकायचा. कुणाचाही पिन, पासवर्ड, आधारचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवायचा नाही. या बाबतीत एकदा गावाचा विश्वास गेला की परत मिळत नाही.

यात पोराला काय मिळतं? भर उन्हात आजोबा त्याला विहिरीचं पाणी देतात आणि 'तू कोणाचा रे?' विचारतात. पुढच्या वेळी रस्त्यात नावाने हाक मारतात. नावाने हाक मारणारी दहा माणसं वाढली की पोराचं गावात असणं बदलतं.

अभ्यासिका_कोपरा | मंगळवार, सकाळी ९.३०

तापीतीर यांनी दिलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती सुटायला नको. सोबत काम केलेले तास मैत्रीसाठी फार मोजले जात नाहीत. एकत्र खाणं, टिवल्याबावल्या, खेळ, निवांत गप्पा यांचे तास मोजले जातात. म्हणजे सातपुडा_पायथा म्हणतात तसं काम हवंच, पण ते पोरांना घराबाहेर काढण्यासाठी. मैत्री होते काम संपल्यावरच्या अर्ध्या तासात. तो अर्धा तास वेळापत्रकातच धरा. काम ७ ते ८, चहा ८ ते ८.३०, आणि त्या वेळेत पुढच्या कामाचा विषय काढायचा नाही.

भरतीच्या पोरांबद्दल. पोलीस शिपाई भरतीला मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. ही पोरं पहाटे ५ ला मैदानावर असतातच. त्यांना संध्याकाळी वेगळं बोलावण्यापेक्षा कट्टाच मैदानावर न्या. धावून झाल्यावर २० मिनिटं सगळे एकत्र बसून भिजवलेले हरभरे खा, एवढंच. परीक्षेची जाहिरात आली की ही मंडळी दोन-तीन महिने गायब होतील, हे गृहीत धरा. त्यांची जागा काढून घेऊ नका. निकालात नाव नसलेला पोरगा परत येईल तेव्हा 'किती मार्क पडले' हा पहिला प्रश्न नसावा. चहाचा कप त्याच्या हातात द्या आणि काम द्या.

कळणा_भाकर | मंगळवार, सकाळी ९.५५

अभ्यासिका_कोपरा, हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. चहाचा अर्धा तास धरायलाच हवा. चहाचे पैसे वर्गणीने नको, पाळीने करा. दहा जणांना एक लिटर दूध, शंभर ग्रॅम साखर जास्तीची, बस.

गिरणाकाठची | मंगळवार, दुपारी २.४०

बठ्ठं बरोबर शे भाऊ, पन पोरीस्नं काय?

मुलींसाठी लिहिते, कारण वरच्या सगळ्या वेळा मुलांच्या आहेत. संध्याकाळी ७ ला गावातली मुलगी घराबाहेर राहू शकत नाही, स्वयंपाक तिच्याकडे असतो. तिची मोकळी वेळ दुपारी ३.३० ते ५. मुलींचा कट्टा त्या वेळी, अंगणवाडीत किंवा शाळेत, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांचा एकत्र, दिवसा. सुरुवातीला तरी दोन मोठ्या बाया सोबत हव्यात, आशाताई किंवा बचत गटाच्या कुणी. आईला आधी भेटा, बापाला नंतर. आईने हो म्हटलं की बापाचं होतंच.

फोन नंबरचा प्रश्न गंभीर आहे. साध्या ग्रुपमध्ये मुलीचा नंबर प्रत्येक सदस्याला दिसतो आणि दुसऱ्या दिवसापासून नको ते मेसेज सुरू होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कम्युनिटी' करा आणि तिच्या सूचनांच्या ग्रुपमध्येच सगळ्यांना घ्या. तिथे अ‍ॅडमिन सोडून बाकीच्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. दोन अ‍ॅडमिन असावेत, त्यात एक बाई. फोटो टाकण्याआधी फोटोतल्या प्रत्येकीला विचारायचं. कुणी नाही म्हटलं तर फोटो नाहीच, तोंड झाकून वगैरेही नाही.

आणि मुलींना 'येऊ द्यायचं' असं मनात ठेवू नका. कानबाई, म्हणजे आपल्या खान्देशची देवी, बसते तेव्हा सगळं गाव कोण सांभाळतं? तिच्या नैवेद्याच्या रोटाची तयारी, गाणी, जागरण, हे सगळं बायाच चालवतात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधून गौराईची गाणी म्हणणाऱ्या ७०-७५ वर्षांच्या आज्या अजून आहेत. ती गाणी अहिराणीत आहेत आणि बरीचशी कागदावर नाहीत. हे काम मुलींच्या हाती द्या: आजीकडे बसायचं, रेकॉर्ड करायचं, लिहून काढायचं.

रेकॉर्डिंगचं नेमकं सांगते. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच रिंग वाजते. पंखा बंद. पिठाची गिरणी चालू असेल त्या वेळी जाऊ नका, तिची घरघर भिंतीतूनही येते. फोन आजीच्या तोंडापासून एक वीत, उशीवर किंवा घडी घातलेल्या लुगड्यावर ठेवा. फरशीवर ठेवला तर बांगड्यांचा आणि पाट सरकल्याचा आवाज घुमतो. सुरुवातीला तारीख, गाव, आजीचं नाव आणि 'रेकॉर्ड करू का?' याचं आजीचं उत्तर, हे सगळं त्याच फाईलमध्ये येऊ द्या. मग गाणं एकदा सलग म्हणू द्या, मध्ये थांबवू नका. अर्थ दुसऱ्या फेरीत विचारा. आवाज न दाबता साठवणाऱ्या डब्ल्यूएव्ही फाईलला (मोनोमध्ये) एका तासाला सुमारे ३२० एमबी लागतात, म्हणून आधी जागा रिकामी करा. फाईल पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. दहा मिनिटांचं गाणं लिहायला नवशिक्या मुलीला दोन तास तरी लागतात. जोडीने लिहा, एकीने ऐकायचं, एकीने लिहायचं.

जिथे शब्द अडतो तिथे आजीकडे परत जायचं. ही परत जाण्याची सवय लागली की काम संपलं तरी मुलगी आजीकडे जातच राहते.

पांझराकाठ | मंगळवार, दुपारी ४.१५

गिरणाकाठची ताई, नंबर लपवण्याची सोय माहीत नव्हती. हे लगेच करता येईल. फोन कट्ट्यावर आणू द्यायचे का? डब्यात जमा करून घ्यावेत असं काहींचं म्हणणं आहे.

तापीतीर | मंगळवार, सायंकाळी ६.५०

जप्ती नको. पोरगा एकदाच येईल आणि परत येणार नाही. शिवाय गावात फोन हा कामाचा आहे: मोटारीचा मोबाईल स्टार्टर त्याच फोनवर चालतो, वीज आली-गेली त्यावरच कळतं. सगळ्यांनी फोन आवाजावर करून सतरंजीच्या एका टोकाला पालथे ठेवायचे. वाजला तर उठून घ्यायचा, बोलून परत यायचं. सूचना बंद करायला अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आहे, त्यातल्या 'फोकस मोड'मध्ये रील्सची अ‍ॅप निवडून कट्ट्याच्या वाराला वेळ लावून द्या. कॉल चालू राहतात, बाकी गप्प. रात्रीसाठी 'बेडटाइम मोड'मध्ये स्क्रीन काळी-पांढरी होते. रंग गेला की रील बघायची गोडी बरीच कमी होते. पण हे ज्याचं त्याने करायचं, दुसऱ्याच्या फोनमध्ये हात घालायचा नाही.

केळीचा_घड | मंगळवार, रात्री ८.२०

भरीत पार्टी करा. डिसेंबर-जानेवारीत, कुणाच्या तरी मळ्यात. फोन आपोआप खिशात राहतो कारण बोटं काजळलेली असतात.

२० जणांना भरताची हिरवी वांगी ८ किलो. भाजून, सोलून, पाणी जाऊन बरीच घट होते, म्हणून कमी आणू नका. मिरच्या पाव किलोच्या थोड्या वर, लसूण २०० ग्रॅम, शेंगदाणे पाव किलो, कांद्याची पात किलोभर, कोथिंबीर दोन जुड्या, तेल अर्धा लिटर. वांग्याला सुरीने दोन-तीन टोचे मारा, नाहीतर फुटतं आणि अंगावर उडतं. पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या, किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजा. मोठ्या जाळावर साल करपते आणि देठाजवळ कच्चं राहतं, म्हणून जाळ बसू द्या आणि देठालगत दाबून बघा. सोलताना पाण्याखाली धरू नका, धुराची चव निघून जाते; वाटीत बोटं ओली करत गरम गरम सोला. मग बडजीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचा.

यात २० जणांना २० कामं निघतात. एक जाळ सांभाळतो, चौघं सोलतात, दोघं ठेचतात, कुणी लसूण निवडतं, कुणी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापतं. लाजाळू पोराला सोलायला बसवा, वांगी संपेपर्यंत तो बोलायला लागलेला असतो. अभ्यासिका_कोपरा म्हणतात तो काम आणि गप्पांचा फरक इथे मिटतो.

सातपुडा_पायथा | मंगळवार, रात्री ९.०५

केळीचा_घड, अगदी. खाण्याभोवती गाव एकत्र येतं याचं मोठं उदाहरण साक्री तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तिथलं जंगल राखलं, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००४ पासून तिथे वनभाज्यांची स्पर्धा होते. जंगल राखायचं ते कशासाठी, हे ताटात दिसतं. पोरांना घेऊन जायचं तर आधी विचारून जा, आणि पाहुणे म्हणून फोटो काढत फिरण्यापेक्षा नियम कसे ठरवले, कुऱ्हाडबंदी मोडली तर काय करायचे, हे विचारा.

अभ्यासिका_कोपरा | मंगळवार, रात्री ९.४०

ज्यांना बाहेरची कामं जमत नाहीत त्यांच्यासाठी भित्तीपत्रक. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे. आपल्याला आठवड्याचं पुरे. एक पूर्ण कार्डशीट, चार रकाने: गावातल्या बातम्या, आजीचा एक अहिराणी शब्द अर्थासकट, या आठवड्याचे बाजारभाव, आणि 'कुणाला काय हवंय': पुस्तक, सायकल, गणित शिकवणारं कुणी. हा चौथा रकाना सगळ्यात जास्त वाचला जातो. अक्षर दुकानाच्या पायरीवरून वाचता येईल एवढं मोठं ठेवा.

सुरतेला गेलेल्या पोरांना त्याचा फोटो दर आठवड्याला पाठवा आणि उत्तरात एक ओळ मागा, ती पुढच्या अंकात लिहा. दिवाळी-अखाजीला ती येतात तेव्हा परकी वाटत नाहीत.

गिरणाकाठची | मंगळवार, रात्री १०.१०

एक महत्त्वाचं. असे गट जमले की एखादं पोरगं खरोखर खचलेलं आढळतं. झोप नाही, जेवण नाही, आवडती वस्तू वाटून टाकणं, 'मी नसलो तर बरं' असं बोलणं. अशा वेळी गटासमोर विषय काढू नका, समजूत घालू नका. एकट्याला बाजूला घेऊन सरळ विचारा, 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने विचार येत नाहीत, उलट ओझं हलकं होतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा, घरच्या एका समजूतदार माणसाला सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. औषध घेतलंच असेल तर वेळ न घालवता १०८. हे दोन्ही नंबर भित्तीपत्रकाच्या खालच्या कडेला कायम लिहून ठेवा.

कळणा_भाकर | बुधवार, सकाळी ७.४०

काय मोडतं तेही सांगून ठेवतो. पहिलं, बॅनर. कुणी पुढारी सतरंजी-खुर्च्या देतो आणि पुढच्या आठवड्यात त्याचा फोटो लागतो. दुसऱ्या गटाची पोरं त्या दिवसापासून बंद. वस्तू घ्यायचीच तर ग्रामपंचायतीच्या नावाने घ्या. दुसरं, पैसा. पहिलं वर्षभर वर्गणी नकोच. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात, कागदपत्रं लागतात, हिशेब तपासावा लागतो. ती घाई कशाला? तिसरं, अध्यक्ष. अध्यक्ष नेमू नका. दर महिन्याला किल्ली आणि वही दुसऱ्या जोडीकडे जाऊ द्या. चौथं, लग्नसराई. एप्रिल-मेमध्ये तीन-चार आठवडे दोघेच येतील. दोघं आले तरी दिवा लावा, चहा करा, वहीत तारीख टाका.

पांझराकाठ | बुधवार, रात्री ८.३५

सगळ्यांचे आभार जिभाऊ, ताई. आमचा बाजार शनिवारी, म्हणून वार बुधवार. शाळेला अर्ज देतोय, किल्ल्या दोन. पहिले आठ जण: तीन भरतीचे, दोन केळीवाले, एक सुरतेहून आलेला, दोन अभ्यासिकेतले. मुलींचा वेगळा दुपारचा कट्टा आशाताईंशी बोलून. पहिलं काम गौराईची गाणी धरतोय, ई-पीक पाहणी खरिपात.

एकच विचारायचं राहिलं. गाणी लिहून काढताना अहिराणी जशी ऐकू येते तशीच लिहायची की प्रमाण करून?

गिरणाकाठची | बुधवार, रात्री ८.५०

जशी ऐकू येते तशीच. आजी 'शे' म्हणाली तर 'शे', 'से' म्हणाली तर 'से'. नदीच्या या काठाला आणि त्या काठाला फरक पडतो, तो दिसायला हवा. अर्थ शेजारच्या रकान्यात मराठीत. आणि गाण्याखाली आजीचं नाव, सासरचं गाव, माहेरचं गाव, तिन्ही. बहुतेक गाणी माहेरहून आलेली असतात.